स्टिअरिंगला कान फुटतात

आमच्या मेहुण्याने नवी गाडी घेतली आणि ती दाखवायला तो वाईला आमच्या घरी आला. नवी गाडी घेतलेला माणूस आणि नुकताच बाप झालेला माणूस यांच्यात एक साम्य असतं. समोरच्याला दुसरं काही काम असू शकेल हे दोघांनाही पटत नाही. नारळ फोडून झाला, पेढे वाटून झाले, सौभाग्यवतींनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मेहुण्याच्या चेहऱ्यावर 'रंग जाईल' अशी अक्षरं उमटली, पण थोरल्या बहिणीपुढे बोलायची त्याची प्राज्ञा नव्हती. त्याने तो राग माझ्यावर काढला. म्हणजे मला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं.

स्टिअरिंगच्या मागे, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, अशी दोन पाती होती. हत्तीच्या पिल्लाला कान असावेत तशी. वायपर असेल म्हणून मी एक ओढून पाहिलं. काहीच झालं नाही.

"दाजी, ते पॅडल शिफ्टर. गिअर बदलायचे."

"गाडी ऑटोमॅटिक आहे म्हणालास ना?"

"आहे की."

"म्हणजे गिअर आपोआप बदलतात?"

"आपोआप."

"मग हे कशाला?"

"आपण बदलावेत असं वाटलं तर!"

मी कॉमर्सचा माणूस. गिअर बदलायचे कष्ट वाचावेत म्हणून जास्तीचे पैसे मोजायचे आणि मग ते कष्ट परत मिळावेत म्हणून आणखी पैसे मोजायचे, हा व्यवहार कोणत्या खात्यात दाखवायचा ते मला कळेना. जमाखर्च जुळल्याशिवाय मला झोप येत नाही. तेव्हा या पात्यांच्या मागच्या नोंदी काढून पाहिल्या. तो हिशेब आता आपल्यापुढे मांडतो.

सुरुवातीची शिल्लक आमच्या नानांची. नाना म्हणजे माझे वडील, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. त्यांच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती. तिचा गिअर खाली जमिनीवर नव्हता, स्टिअरिंगच्या दांड्यालाच डाव्या हाताला काठीसारखा होता. अँबॅसडरलाही तसाच. लोक त्याला हँड गिअर म्हणत. त्याचा फायदा असा की पुढच्या सलग सीटवर मध्ये दांडा येत नसे. त्यामुळे नाना, आई, आत्या आणि आत्याच्या मांडीवर मी, असे पुढेच चौघे बसत असू. चार गिअर होते, पण नानांचा हात एकदा त्या काठीवर गेला की घरी येईपर्यंत सुटत नसे. आईचा हात त्यांनी इतका वेळ कधी धरल्याचं ऐकिवात नाही. सांगायचा मुद्दा, गिअर स्टिअरिंगपाशी असणं ही काही नवलाची गोष्ट नाही. नवल पुढे आहे.

गिअर बदलण्याचा कंटाळा प्रथम अमेरिकेत आला. कंटाळा ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर उत्पादन करण्याचा मान त्या देशाचाच आहे. १९४० सालच्या मॉडेलपासून ओल्ड्समोबिल कंपनीने 'हायड्रामॅटिक' नावाचा आपोआप चालणारा गिअरबॉक्स द्यायला सुरुवात केली. क्लच गेला, हाताची खटपट गेली. पुढे युद्धात हाच गिअरबॉक्स रणगाड्यांत बसला. आता कंटाळा गेला म्हटल्यावर माणसाने सुखी व्हावं की नाही? पण नाही! हात रिकामे झाले, आणि रिकाम्या हातांना काय द्यायचं हा नवा प्रश्न उभा राहिला.

त्यावर कोणी डॅशबोर्डावर बटणं दिली, कोणी आणखी काही. पण खरी कमाल केली फोर्ड कंपनीच्या एडसेल या गाडीने. मालकाच्या मुलाचं नाव दिलेली ही गाडी १९५८ सालची. तिच्या ऑटोमॅटिक गिअरची बटणं स्टिअरिंगच्या ऐन मध्यावर बसवली होती. आता स्टिअरिंगच्या मध्यावर काय असतं? हॉर्न! अमेरिकेतल्या माणसाची बोटं सवयीने हॉर्नसाठी तिथे जायची आणि गाडी गिअर बदलायची. ही गाडी आपल्याकडे आली असती तर पुण्याच्या लक्ष्मी रोडवर अर्ध्या तासात गिअरबॉक्सचा भुगा झाला असता. ती बटणं एका वर्षात गेली आणि १९५९ साली गाडीच बंद झाली. तोटा इतका मोठा होता की आजही व्यवस्थापनाच्या वर्गात पोरांना ही गाडी 'असं करू नये' म्हणून शिकवतात.

यानंतर तीसेक वर्षांनी आमच्या कथेचा नायक अवतरतो. त्याचं नाव जॉन बर्नार्ड. शर्यतीच्या गाड्यांचा हा इंग्रज रचनाकार इटलीच्या फेरारी कंपनीत लागला, पण इटलीला जायला तयार होईना. म्हणाला, ऑफिस माझ्याकडे इंग्लंडात काढा. आणि फेरारीने ते खरोखर काढलं, गिल्डफर्ड गावी! बदलीच्या जागी हजर न होता बदलीची जागाच आपल्या गावी आणवणारा हा एकमेव कर्मचारी मला माहीत आहे. त्याचा फोटो आमच्या युनियनच्या ऑफिसात लावायला हवा.

या बर्नार्डला गाडी अरुंद करायची होती. जितकी अरुंद तितकी हवा कापायला सोपी. पण गिअरचा दांडा, तो हलवायला लागणारं कोपर आणि तिथून मागच्या गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या सळ्या यांनी जागा अडवली होती. त्याने सगळंच काढून टाकलं. स्टिअरिंगमागे दोन पाती बसवली. एक ओढलं की वरचा गिअर, दुसरं ओढलं की खालचा. पातं ओढल्यावर फक्त विजेचा संदेश जायचा आणि खरं काम तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा करायची. क्लचचं पेडल उरलं ते गाडी जागेवरून हलवण्यापुरतं. ड्रायव्हरला दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवता आले, हा फायदा नंतरचा. म्हणजे ज्या पात्यांना आज लोक मर्दुमकीचं लक्षण समजतात, त्यांचा जन्म जागेच्या टंचाईतून झाला. मुंबईतल्या भिंतीत दुमडणाऱ्या पलंगासारखा.

२६ मार्च १९८९. ब्राझीलची शर्यत, रिओ द जानेरो. सरावात ही गाडी धड चालत नव्हती. नायजेल मॅन्सेल या ड्रायव्हरला आपण लवकरच बाहेर पडणार याची इतकी खात्री होती की त्याने परतीचं आधीचं विमान ठरवून ठेवलं होतं. सहाव्या क्रमांकावरून निघाला. मध्येच स्टिअरिंग सैल झालं, ते थांबून बदलावं लागलं. गिअरची पाती स्टिअरिंगलाच जोडलेली, हे लक्षात घ्या! आणि तरी पठ्ठ्या पहिला आला. विमान अर्थातच चुकलं. त्यावर कडी म्हणजे बक्षिसाच्या करंडकाची कड लागून त्याचा हात कापला. सबंध शर्यतीत हाताला काही झालं नाही, ते सत्कारात झालं. सत्काराचा अनुभव असलेल्यांना यात आश्चर्य वाटणार नाही.

पुढच्या पाच शर्यतींत मात्र फेरारीला एकही गुण मिळाला नाही. गाडी धावता धावता गिअर टाकेनाशी व्हायची. लोक म्हणाले, बघा, आम्ही सांगत होतो, हातातला दांडा तो दांडा. शोध घेतल्यावर कळलं की दोष गिअरबॉक्सचा नव्हताच. इंजिनाच्या थरथरीने अल्टरनेटरचा पट्टा निसटायचा, वीज बंद पडायची आणि विजेवाचून गिअरबॉक्स बसून राहायचा. मला तर हे वाचून गहिवरून आलं. कनेक्शन जातं वरच्या ऑफिसात आणि शिव्या खातो काउंटरवरचा!

त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट. २३ एप्रिलला इमोलाच्या शर्यतीत याच संघाचा दुसरा ड्रायव्हर गेरहार्ड बर्जर भिंतीवर आदळला. गाडीने पेट घेतला. आग विझवणारे क्षणांत पोचले म्हणून तो वाचला, पण हात भाजले. भाजलेल्या हाताने गिअरचा दांडा हिसकणं अशक्यच. पण पात्यांना बोटं पुरतात. बर्जरची फक्त एक शर्यत चुकली, पुढच्या महिन्यात तो परत गाडीत बसला. इथे मात्र मी पेन्सिल खाली ठेवली. जमेच्या बाजूला ही एवढी एक नोंद असती तरी ताळेबंद जुळला असता.

१९९६ पर्यंत त्या शर्यतीतल्या सगळ्याच गाड्यांना असे कान फुटले. मग रस्त्यावरच्या गाड्या मागे कशा राहतील? १९९७ साली फेरारीने एफ ३५५ ही पाती लावलेली गाडी गिऱ्हाइकांसाठी काढली. त्याआधीच, १९८९ सालीच, जर्मनीच्या पोर्शने ऑटोमॅटिक गाडीचा दांडा पुढे-मागे ढकलून गिअर बदलायची सोय केली होती. तिचं नाव टिपट्रॉनिक. १९९४ साली तिची बटणं स्टिअरिंगवर आली. २००३ साली फोक्सवॅगनने गोल्फ गाडीत दोन क्लचचा गिअरबॉक्स आणला. त्यात एक गिअर चालू असतानाच पुढचा दबा धरून बसलेला असतो. माणसाच्या हातापेक्षा झटपट, बिनचूक. म्हणजे यंत्र माणसाला हरवून बसलं, आणि नेमक्या त्याच दिवसांत माणसाला पाती ओढायची हौस आली.

आता या पात्यांचं खरं स्वरूप सांगतो. नाना काठी ओढत तेव्हा गिअर पडायचा. मेहुणा पातं ओढतो तेव्हा अर्ज पडतो. 'मे. गाडीसाहेब यांस, कृपया खालचा गिअर मंजूर व्हावा ही विनंती.' मग आतला संगणक वेग पाहतो, इंजिनाचे फेरे पाहतो आणि मंजुरी देतो. खालचा गिअर टाकून इंजिन फाटेल असं दिसलं तर अर्ज नामंजूर. कारण कळवलं जात नाही. आणि मंजुरी मिळाली तरी काही वेळ तुम्ही काही केलं नाही, तर कित्येक गाड्या गुपचूप आपला कारभार परत हातात घेतात. आमचे साहेबही मीटिंगमध्ये "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारतात, ते याच पद्धतीने.

याहून पुढची मजा अशी की काही ऑटोमॅटिक गाड्यांत गिअर नसतातच. दोन पुल्या आणि त्यांवरून फिरणारा पट्टा, पिठाच्या गिरणीसारखा. पुलीचा घेर कमीजास्त होतो, टप्पे नाहीत. पण पाती दिली म्हणजे त्यांना काम हवं, म्हणून संगणकात सहा-सात खोटे टप्पे ठरवून देतात. मेहुण्याची गाडी नेमकी यातली. आणि २०२३ साली तर ह्युंदाईने आयोनिक ५ एन ही विजेवरची गाडी आणली. तिला बदलायला गिअर नाहीत, इंजिन नाही. तरी पातं ओढलं की ती आठ गिअरांची नक्कल करते, इंजिनाचा आवाज काढते, आणि गिअर बदलल्याचा हिसकासुद्धा देते! नानांच्या पद्मिनीतला जो हिसका बसला की आई "अहो, सावकाश" म्हणायची, तो आता जास्त पैसे देऊन मिळतो.

हसू नका. आमच्या शाखेत बेरजा संगणक करतो. चूक नाही, खाडाखोड नाही. तरी संध्याकाळी मी प्रिंटवर पेन्सिल घेऊन ती बेरीज उभी करतोच. नवीन पोरं हसतात. "सर, सिस्टीमची बेरीज चुकत नाही." मलाही ते ठाऊक आहे. पण ती जुळली की मला वाटतं, आजचा दिवस मीही काहीतरी केलं.

तर त्या दिवशी आम्ही पाचगणीला जाऊन पसरणी घाट उतरत होतो. नाना पुढे, डावीकडे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, हात पुरता उठत नाही. तेव्हापासून पद्मिनीचा विषय घरात निघत नाही. उतारावर गाडी सुसाट निघाली, मेहुणा ब्रेकमागून ब्रेक दाबू लागला, जळका वास येऊ लागला.

"गिअर टाक!" नाना ओरडले. "ज्या गिअरात चढलास त्यात उतर!"

मेहुण्याने घाबरून डावं पातं दोनदा ओढलं. इंजिन घुमलं, आणि गाडी वेसण ओढलेल्या बैलासारखी आवरली गेली. आठवड्यात पहिल्यांदाच त्या पात्याला खरं काम मिळालं होतं.

घाट संपल्यावर नाना काही बोलले नाहीत. वाईजवळ मित्राच्या प्लॉटिंगचा मोकळा रस्ता लागतो. मेहुणा शहाणा. त्याने गाडी आत वळवली, उतरला आणि म्हणाला, "नाना, बसा तर खरं."

नानांचा डावा हात आम्ही स्टिअरिंगवर ठेवून दिला. मेहुणा शेजारी हँडब्रेकवर हात ठेवून, मी मागे रामरक्षा म्हणत. नानांनी कुंपणापर्यंत नेली आणि मग डाव्या हाताच्या दोन बोटांनी पातं ओढलं. आकडा दोनवर आला. परत फिरून त्यांनी पुन्हा ओढलं. पाच फेऱ्या झाल्या.

"कसं काय वाटलं, नाना?" मेहुण्याने विचारलं.

"गाडी बरी आहे," नाना म्हणाले. "हिला गिअर टाकता येत नव्हता. मी शिकवला."