बाजूला काढलेल्या पंधरा प्रश्नावल्या

संशोधनाच्या मुलाखतीत तुम्हाला 'सॅम्पल किती?' हा प्रश्न हमखास विचारतील. त्याच्या जोडीला स्वतःला आणखी एक प्रश्न विचारत जा: सॅम्पलमधून कोणाला काढलं, आणि त्यानंतर त्यांचं काय झालं? वयस्क स्त्रियांच्या दारूच्या व्यसनाचा इतिहास वाचताना हा प्रश्न फार उपयोगी पडतो.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना अमेरिकेत १९३५ साली सुरू झाली. दहाएक वर्षांनी तिच्या 'ग्रेपवाइन' या मासिकाने सभासदांकडून एक प्रश्नावली भरून मागवली. पहिला ब्लॅकआउट कितव्या वर्षी, चोरून प्यायला कधी लागलात, नोकरी कधी गेली, असे प्रश्न. १५८ प्रश्नावल्या परत आल्या आणि विश्लेषणासाठी ई. एम. जेलिनेक यांच्याकडे गेल्या. त्यांनी ९८ ठेवल्या, ६० बाद केल्या. बाद झालेल्यांत १५ स्त्रियांच्या होत्या.

जेलिनेक यांनी हे लपवलं नाही, हे आधी लक्षात घ्या. १९४६च्या लेखात त्यांनी कारणही दिलंय. स्वतंत्र विश्लेषण करावं तर १५ ही संख्या फार लहान, आणि पुरुषांत मिसळावं तर स्त्रियांचा क्रम बराच वेगळा दिसतोय. संख्याशास्त्राच्या अंगाने यात खोट काढणं अवघड आहे. मी असते तर कदाचित हेच केलं असतं. पण 'वेगळं दिसतंय' हाच खरं तर त्या लेखातला सगळ्यात मोठा शोध होता! त्याच्यामागे कोणी गेलंच नाही. १९५२ साली जेलिनेक यांनी व्यसनाच्या टप्प्यांची सुधारित मांडणी केली, ती दोन हजारांहून अधिक पुरुषांच्या माहितीवर. त्या टप्प्यांचे तक्ते पुढे जगभर पसरले आणि वाटेत 'पुरुष' हा शब्द गळून पडला. उरला तो नुसता 'व्यसनी माणूस'.

याचा परिणाम मोजमापाच्या साधनांत दिसतो. १९७१ साली मिशिगनची प्रसिद्ध चाचणी आली. दारूमुळे नोकरी गेली का, गाडी चालवताना पोलिसांनी पकडलं का, असे प्रश्न तिच्यात आहेत. आता सत्तरीची, एकटी राहणारी, गाडी न चालवणारी विधवा डोळ्यासमोर आणा. तिची सगळी उत्तरं 'नाही'.

बरं, 'पूर्वीपेक्षा जास्त लागते का?' असं विचारलं तरी ती 'नाही'च म्हणेल, आणि खरं बोलेल. वयाबरोबर शरीरातलं पाणी कमी होतं. स्त्रियांत ते मुळातच पुरुषांपेक्षा कमी. त्यामुळे तेवढ्याच पेल्याने रक्तातलं अल्कोहोल जास्त चढतं.

मग इतिहासात या स्त्रियांना शोधायचं कुठे? पोलीस कोर्टाच्या नोंदींत त्या फारशा भेटणार नाहीत. औषधाच्या बाटल्या बघा. मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावच्या लिडिया पिंकहॅम बाईंनी १८७५ साली, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, 'व्हेजिटेबल कंपाउंड' विकायला काढलं. स्त्रियांच्या तक्रारींवर, पाळी जाण्याच्या वयातल्या त्रासावरसुद्धा. त्यात सुमारे १८ टक्के अल्कोहोल असे, म्हणजे वाइनपेक्षा जास्त. गंमत अशी की बाई स्वतः दारूबंदीच्या बाजूच्या! १९०६च्या कायद्याने अल्कोहोलचं प्रमाण लेबलवर छापणं सक्तीचं केलं. तोवर घेणारीला आपण काय घेतोय हे कळायची सोय नव्हती.

'औषध' हा आडपडदा नंतरही राहिला. १९७८ साली, साठाव्या वाढदिवसाच्या तोंडावर, बेटी फोर्ड यांच्या घरच्यांनी त्यांना समोर बसवून त्यांच्या व्यसनाबद्दल स्पष्ट सांगितलं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचं व्यसन त्यांनी आधी कबूल केलं. दारूचं कबूल करायला आणखी काही दिवस गेले. माजी राष्ट्राध्यक्षांची पत्नी, चोवीस तास माणसांच्या नजरेत, तरी ही गत.

मिशिगनच्याच चाचणीची वयस्कांसाठीची आवृत्ती यायला १९९२ साल उजाडलं. तिच्यात, जवळचं माणूस गेल्यावर पिणं वाढलं का, एकटं वाटतं तेव्हा पेल्याने बरं वाटतं का, असं विचारतात. दोन्ही चाचण्या शेजारी ठेवून वाचा. आणि १९४६चा लेख मिळाला तर निष्कर्षांकडे धावू नका. आधी त्या साठ बाद प्रश्नावल्यांचा परिच्छेद शोधा.