कवळाण्याचा राजा, ओख्याचे पंखे आणि काकूंचं इंद्रजाल

कळवणकराला समुद्राशी काय देणंघेणं, असं कोणी म्हणेल. सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर समुद्र, मध्ये आडवा सह्याद्री. पण इथून पूर्वेला, मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा मुलगा 1875 साली दत्तक म्हणून बडोद्याला गेला आणि सयाजीराव महाराज झाला, हे आपल्याकडे पोरासोरांना माहीत असतं. त्यांची वाचनालयं आणि सक्तीचं शिक्षण सगळे सांगतात. प्रवाळांचं कोणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

द्वारका ज्या ओखामंडळात आहे ते तेव्हा बडोदा संस्थानात होतं. तिथल्या समुद्रजीवांची पाहणी संस्थानाने जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाकडून करवून घेतली. अहवालाचा पहिला भाग 1909 साली आला, दुसरा 1916 साली. पहिल्या भागात थॉमसन आणि क्रेन या दोघांचं एक प्रकरण आहे, ज्या गटात गॉर्गोनियन म्हणजे समुद्रपंखे येतात त्या गटावर. थॉमसन हे स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनचे प्राध्यापक. द्वारकेजवळचा नमुना आणि त्याचं नाव ठरवणारा माणूस अॅबर्डीनचा! आज कोणी गुजरातच्या प्रवाळांची यादी करायला बसला की त्याला या जुन्या नोंदींपाशी यावंच लागतं.

आणि इथेच खरी गंमत (की डोकेदुखी?) सुरू होते. जुनी नोंद बरोबर की चूक, हे ठरवायचं कसं? समुद्रपंख्याचा रंग आणि आकार फसवा असतो. एकच जात प्रवाहाप्रमाणे वेगळी वाढते. खरी ओळख असते ती त्याच्या सालीत रुतलेल्या चुन्याच्या सूक्ष्म कणांत. त्यांना स्क्लेराइट म्हणतात. नमुन्याचा छोटा तुकडा ब्लीचमध्ये टाकायचा, मांसल भाग विरघळतो, तळाशी हे कण उरतात, मग ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. कुणी काटेरी, कुणी डंबेलसारखे. शंभर वर्षांपूर्वीच्या लेखात या कणांची चित्रं असतील, किंवा मूळ नमुना एखाद्या संग्रहालयात शाबूत असेल, तर पडताळणी होते. नुसतंच नाव छापलेलं असेल तर विश्वास ठेवायचा नाहीतर सोडून द्यायचं. डीएनए आहेच की, असं वाटेल. पण या प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियातला डीएनए फार हळू बदलतो, त्यामुळे जवळच्या जाती त्याने वेगळ्या करता येतीलच असं नाही.

आता आमच्या घरातला नमुना. काकूंच्या देवघराशेजारी काचेच्या फ्रेममध्ये एक काळी जाळी आहे. "इंद्रजाल" म्हणून आणलेली, दृष्ट लागू नये म्हणून. विकणाऱ्याने दुर्मिळ वनस्पतीची मुळी म्हणून सांगितलेलं. बाजारात या नावाने काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे सर्रास विकले गेलेत, आणि दोन्ही प्राणी आहेत, मुळी नव्हे. जिवंत असताना समुद्रपंख्याच्या पॉलिपला आठ शुंडिका असतात, काळ्या प्रवाळाच्या पॉलिपला सहा. काळ्या प्रवाळाच्या सांगाड्यावर बारीक काटे असतात आणि स्क्लेराइट मुळीच नसतात. काकूंच्या जाळीची साल गेलेली, म्हणजे स्क्लेराइटही गेले. भिंगातून काटे दिसले नाहीत, तेव्हा बहुधा समुद्रपंखा, एवढंच म्हणता येतं. जात कोणती, हे आता थॉमसनसाहेबही सांगू शकले नसते.

कायद्याला मात्र जातीशी कर्तव्य नाही. 2001 साली वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात सगळे काळे प्रवाळ आणि सगळे गॉर्गोनियन घातले गेले. गंमत अशी की 2022 साली मॅकफॅडन आणि सहकाऱ्यांनी या आठ शुंडिकांच्या प्रवाळांची नवी मांडणी केली, आणि तीत गॉर्गोनियन असा एकसंध गट उरलाच नाही. ते वेगवेगळ्या घराण्यांत विखुरले गेले. शास्त्रात मोडलेलं घर कायद्याच्या कागदावर उभं आहे, आणि माझ्या मते ते तसंच असू द्यावं. जप्ती करणाऱ्या वनरक्षकाला डोळ्यांनी दिसेल असाच शब्द हवा.

काकूंना मी हे सगळं सांगितलं, वन विभागाकडे जमा करू म्हटलं. त्यांनी फ्रेमकडे बराच वेळ पाहिलं. "अरे, पण प्राणी आहे म्हणतोस तर मग याला मारलं कुणी?" एवढंच विचारलं, आणि फ्रेम उतरवायला स्टूल आणायला सांगितलं.