अंथरुणापासून अंगणापर्यंत

हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या माणसाला आपल्या घरांत अजूनही एकच उपदेश मिळतो: ‘आता जपून राहा.’ बादली उचलू नका, जिना चढू नका, कोणाशी वाद घालू नका. या उपदेशामागे माया असते हे खरे. पण त्यामागे वैद्यकाचा एक जुना दंडकही उभा आहे. तो कोठून आला याचा मागोवा घेतला असता आम्हांस मोठे नवल वाटले. जगणाऱ्यांसाठी घातलेला तो दंडक मृतांच्या हृदयांवरून ठरला होता.

१९१२ साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी दाखवून दिले की, हृदयाची रोहिणी अकस्मात बंद पडली तरी रुग्ण दगावतोच असे नाही. अशा रुग्णास काही दिवस पूर्ण विश्रांती द्यावी, असे त्यांनी सुचवले. पुढे १९३९ साली मॅलरी, पॉल डडली व्हाइट आणि साल्सेडो-साल्गार या तिघांनी शवविच्छेदनातील ७२ हृदये तपासली. मेलेल्या स्नायूच्या जागी पक्का वण धरण्यास कित्येक आठवडे लागतात, असे त्यांना आढळले. अशा निरीक्षणांच्या आधारावर सुमारे सहा आठवड्यांच्या अंथरुणाची रीत रूढ झाली. रुग्णाने स्वतः कूसही बदलू नये, घास दुसऱ्याने भरवावा, शौचही अंथरुणातच! पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होत, त्या फुप्फुसात जाऊन अडकत. आणि जो वाचे तो मनाने खचलेला असे.

या रीतीविरुद्ध आवाज उठला तो १९४४ साली. टिन्स्ली हॅरिसन आणि विल्यम डॉक यांनी त्या वर्षी स्वतंत्र लेखांत अतिविश्रांतीचे अपाय मांडले. बोस्टनचे सॅम्युएल लेव्हाइन व त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाऊन यांनी त्यापुढे पाऊल टाकले. पाय खाली सोडून बसल्यास हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि त्याचा भार हलका होतो, असा लेव्हाइन यांचा तर्क होता. त्यांनी ८१ रुग्णांना लवकरच आरामखुर्चीत बसवले व १९५२ साली अनुभव प्रसिद्ध केला. निवासी डॉक्टरांना हा प्रकार इतका अमानुष वाटला की, लाऊन वॉर्डात येताच ते हिटलरी सलाम ठोकत, अशी आठवण लाऊन यांनीच पुढे लिहून ठेवली आहे. खुर्चीत बसवणे हेही एके काळी क्रौर्य ठरले होते!

२४ सप्टेंबर १९५५ रोजी डेन्व्हर येथे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला. सल्ल्यासाठी आले तेच पॉल व्हाइट, १९३९ च्या निबंधाचे एक लेखक. मात्र एव्हाना ते चालण्याचे व सायकलीचे कट्टर पुरस्कर्ते होते. रुग्ण कामावर परतू शकतो, असे त्यांनी वृत्तपत्रांतून जगाला पटवले. आयझेनहॉवर १९५६ ची निवडणूक लढले आणि जिंकलेही. अर्थात राष्ट्राध्यक्षाच्या उशाशी असतात तेवढे वैद्य गिरणीकामगाराच्या वाट्याला येत नाहीत, हे येथे विसरता येत नाही.

१९६६ साली डॅलसमध्ये पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवले, तेव्हा त्यांची श्रमक्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाचजणांची पुन्हा तपासणी झाली. तीन आठवड्यांच्या अंथरुणाने जेवढे हिरावले होते, तेवढे तीस वर्षांच्या वयानेही हिरावले नव्हते.

मनाची दखल त्याहून उशिरा घेतली गेली. माँट्रिअलच्या संशोधकांनी १९९३ साली २२२ रुग्णांचा अभ्यास मांडला. झटक्यानंतर नैराश्यात बुडालेल्यांचे पहिल्या सहा महिन्यांतील मृत्यूचे प्रमाण इतरांच्या कित्येक पट होते. याच सुमारास रुग्णालाच विचारणाऱ्या प्रश्नावल्या तयार होत होत्या: भीती वाटते का, घरचे फार जपतात का, आपण कोणावर ओझे झालो असे वाटते का?

आपल्या देशात २४ रुग्णालयांतील ३,९५९ रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाचा प्रयोग झाला; निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. मृत्यू, पुन्हा झटका यांसारख्या घटनांत दोन गटांमध्ये निर्णायक फरक दिसला नाही. मात्र स्वतःच्या प्रकृतीस शंभरपैकी किती गुण द्याल, या प्रश्नाला योगगटाने अधिक गुण दिले आणि नेहमीच्या व्यवहारांतही ते अधिक चांगले परतले. यास कोणी अपयश म्हणतील. आम्ही म्हणणार नाही.

एक उणीव मात्र सलते. बरे होण्याचे माप दीर्घकाळ ‘कामावर रुजू झाला का’ हेच होते, आणि ते नोकरदार पुरुषाच्या अंगाचे होते. पुनर्वसनवर्गांकडे स्त्रिया कमी पाठवल्या जातात व कमी जातात, हे देशोदेशी दिसून आले आहे. रुग्णालयातून परतून दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकाला उभी राहिलेली बाई कोणत्याही हजेरीपटावर रुजू होत नाही, आणि तिला किती गुण द्याल असे विचारणारे घरात सहसा कोणी नसते.