जिमी जॉन्स्टन : उजव्या बगलेचा अनभिषिक्त सम्राट

विंगर ही फुटबॉलमधील सर्वांत लहरी जमात. मैदानाच्या कडेने धावायचे, समोरच्या बचावपटूला हुलकावणी द्यायची आणि चेंडू गोलपुढे आणून ठेवायचा, एवढेच त्याचे काम. ते साधले तर प्रेक्षक डोक्यावर घेतात, न साधले तर संघातील दहा जण त्याच्या नावाने बोटे मोडतात. स्कॉटलंडच्या जिमी जॉन्स्टनने ही दोन्ही टोके पुरेपूर अनुभवली. ग्लासगोच्या सेल्टिक क्लबकडून ५१५ सामने, १३० गोल, नऊ लीग विजेतेपदे, चार स्कॉटिश चषक, पाच लीग चषक आणि १९६७ चा युरोपियन चषक हा त्याचा हिशेब. तरीही त्याची कारकीर्द आकड्यांपेक्षा अधिक लक्षात राहते ती एका विसंगतीमुळे. चेंडू पायाशी असताना कोणालाही न भिणारा हा खेळाडू मैदानाबाहेर अत्यंत हळवा आणि भित्रा होता. त्याला सांभाळणारा माणूस आणि त्याचे गाव जोवर जवळ होते, तोवरच त्याची प्रतिभा बहरली.

जेम्स कॉनली जॉन्स्टनचा जन्म ३० सप्टेंबर १९४४ रोजी ग्लासगोजवळच्या लॅनर्कशायर परगण्यातील व्ह्यूपार्क या वस्तीत झाला. वडील कोळसा खाणीत कामाला. उंची जेमतेम पाच फूट चार इंच, केस तांबडेलाल. अशा चणीच्या मुलाला धसमुसळ्या स्कॉटिश फुटबॉलमध्ये निभाव लागण्यासाठी चेंडूवर विलक्षण हुकमत मिळविणे भागच होते. इंग्लंडचा महान विंगर स्टॅन्ली मॅथ्यूज हा त्याचा आदर्श. त्याचे वाचून जिमीने दुधाच्या बाटल्या रांगेत मांडल्या आणि त्यांच्यामधून चेंडू काढण्याचा सराव सुरू केला. पायांत बळ यावे म्हणून तो खाणकामगारांचे जड बूट घालून हिंडत असे. ‘जिंकी’ हे त्याचे टोपणनाव याच हुलकावण्यांवरून पडले.

सेल्टिकमध्ये तो आला तेव्हा क्लबचे दिवस बरे नव्हते. मार्च १९६३ मधील त्याच्या पहिल्याच सामन्यात किल्मारनॉकने सेल्टिकला ६-० असे लोळविले. त्याच वर्षी स्कॉटिश चषकाच्या अंतिम सामन्यात रेंजर्सशी बरोबरी झाली. त्यात चमकलेल्या जॉन्स्टनला फेरसामन्यातून मात्र वगळण्यात आले आणि सेल्टिक ३-० असा हरला. मार्च १९६५ मध्ये जॉक स्टीन व्यवस्थापक म्हणून रुजू झाला आणि चित्र पालटले. स्टीनही खाणीत काम केलेला माणूस. शिस्तीचा कडक, पण माणसे ओळखणारा. जॉन्स्टनला रात्री मद्यालयात रमण्याची सवय होती. तो कोठे बसला आहे याची खबर देणारी माणसे स्टीनने ग्लासगोभर जोडून ठेवली होती आणि वेळीअवेळी तेथे दूरध्वनी खणखणत असे. दोघांत भांडणे झाली, निलंबनही झाले. आपल्या साऱ्या यशांपेक्षा या पोराची कारकीर्द काही वर्षे लांबविली हीच मोठी कामगिरी, असे स्टीन पुढे म्हणत असे. त्यात विनोद होता, तसे तथ्यही होते.

१९६६-६७ चा हंगाम सेल्टिकच्या इतिहासातील सुवर्णपान. झुरिच, नॉंत, व्होय्वोदिना आणि डुक्ला प्राग यांना मागे टाकत हा संघ युरोपियन चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. नॉंत येथील खेळ पाहून फ्रेंच वृत्तपत्रांनी जॉन्स्टनला ‘उडती पिसू’ असे नाव दिले. डुक्लाविरुद्ध उपान्त्य सामन्यातील पहिला गोलही त्याचाच. २५ मे १९६७ रोजी लिस्बनच्या राष्ट्रीय मैदानावर गाठ होती ती हेलेनिओ हेरेराच्या इंटर मिलानशी. एक गोल करावा आणि मग दारे लावून बसावे, ही इंटरची ख्यातनाम पद्धत. समोर सेल्टिकचे अकरा जण, सगळेच्या सगळे आपल्या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेले. मैदानावर उतरण्यापूर्वी बोगद्यात दोन्ही संघ शेजारी शेजारी उभे राहिले. रापलेल्या अंगाचे, चापूनचोपून केस बसविलेले इटालियन खेळाडू सिनेनटांसारखे दिसत होते. इकडे जॉन्स्टनसह काहींनी आपले कृत्रिम दात काढून गोलरक्षक रॉनी सिम्प्सनच्या टोपीत ठेवायला दिले होते. जिंकल्यावर छायाचित्रासाठी ते लागणार होते!

सातव्या मिनिटाला मात्सोलाने पेनल्टीवर इंटरला आघाडी मिळवून दिली. त्यानंतर जे घडले ते बचावात्मक फुटबॉलवरील हल्लाच होता. जॉन्स्टन उजव्या बगलेवर थांबलाच नाही. तो वारंवार मध्यभागी सरकत राहिला आणि त्याच्यामागे खेचल्या गेलेल्या बचावपटूमुळे रिकाम्या झालेल्या जागेत सेल्टिकचे बचावपटू मागून धावून येऊ लागले. ६३ व्या मिनिटाला टॉमी गेमेलने बरोबरी साधली, ८४ व्या मिनिटाला स्टीव्ह चामर्सने विजयी गोल केला. युरोपियन चषक जिंकणारा ब्रिटनमधील हा पहिला क्लब. दोन आठवड्यांनी माद्रिदच्या बर्नाबेउ मैदानावर आल्फ्रेदो दी स्तेफानोच्या सन्मानार्थ सामना झाला. तेथे सेल्टिकने रेआल माद्रिदला १-० असे हरविले. बॉबी लेनॉक्सच्या गोलमागे जॉन्स्टनचाच पास होता. त्याच्या प्रत्येक हुलकावणीला स्पॅनिश प्रेक्षक बैलझुंजीतल्याप्रमाणे ‘ओले’ची दाद देत होते. आपल्या नायकाला निरोप द्यायला जमलेल्या लोकांनी पाहुण्या विंगरला दिलेली ही दाद कोणत्याही पदकापेक्षा मोलाची मानावी लागेल. त्या वर्षीच्या युरोपमधील सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या निवडीत हंगेरीचा फ्लोरियन आल्बर्ट पहिला, बॉबी चार्ल्टन दुसरा आणि जॉन्स्टन तिसरा आला.

या ‘उडत्या पिसू’ला विमानात बसण्याची मात्र विलक्षण धास्ती होती. या भीतीचाही स्टीनने उपयोग करून घेतला. १३ नोव्हेंबर १९६८ रोजी युरोपियन चषकात रेड स्टार बेलग्रेडविरुद्धचा पहिला सामना ग्लासगोत होता आणि मध्यंतराला १-१ अशी बरोबरी होती. चार गोलांच्या फरकाने जिंकलो तर परतीच्या सामन्यासाठी तुला बेलग्रेडला येण्याची गरज नाही, असे स्टीनने जॉन्स्टनला सांगितले. उत्तरार्धात जणू वेगळाच खेळाडू मैदानावर उतरला. त्याने दोन गोल केले, इतर गोलांनाही हातभार लावला आणि सेल्टिक ५-१ असा जिंकला. आता मला जावे लागणार नाही, असे ओरडतच तो मैदानाबाहेर आला म्हणतात. बेलग्रेडच्या प्रेक्षकांना हा खेळाडू पाहायचा आहे, अशी गळ यजमानांनी घातली. पण जॉन्स्टन बधला नाही. तो घरीच राहिला. भीतीपोटी इतका सुंदर खेळ झाल्याची उदाहरणे क्रीडाजगतात थोडीच सापडतील.

लहान चणीच्या कलाकाराला रोखण्याचा सोपा उपाय म्हणजे लाथा. १९६७ च्या इंटरकॉन्टिनेन्टल चषकात अर्जेंटिनाच्या रेसिंग क्लबने त्याचा मनमुराद वापर केला. या मालिकेत प्रतिस्पर्ध्यांची थुंकी जॉन्स्टनला केसांतून धुवून काढावी लागली. माँटेव्हिडिओतील निर्णायक सामन्यात त्याचाही तोल सुटला आणि बाहेर काढण्यात आलेल्या सेल्टिकच्या खेळाडूंमध्ये त्याचेही नाव लागले. १९७४ मध्ये आत्लेतिको माद्रिदने ग्लासगोतील उपान्त्य सामन्यात तर हद्दच केली. त्यांचे तीन खेळाडू बाहेर गेले आणि तरीही ०-० अशी बरोबरी राखून ते हसत गेले. माद्रिदमधील परतीच्या सामन्यापूर्वी जॉन्स्टनला जिवे मारण्याची धमकी आली. तो खेळला, सेल्टिक मात्र हरला.

त्याचा सर्वोच्च खेळ कोणता, यावर ग्लासगोत अजून वाद होतात. १५ एप्रिल १९७० ची लीड्स युनायटेडविरुद्धची रात्र त्यात वरच्या क्रमांकावर असते. हॅम्पडन पार्कवर १ लाख ३६ हजार ५०५ प्रेक्षक हजर होते. इंग्लंडचा डावा बचावपटू टेरी कूपर याला जॉन्स्टनने त्या रात्री अक्षरशः नाचविले. सेल्टिक २-१ असा जिंकून अंतिम फेरीत गेला. तेथे फेयेनूर्डने त्यांना अतिरिक्त वेळेत नमविले.

राष्ट्रीय संघात मात्र त्याचे बस्तान कधीच नीट बसले नाही. १९६४ ते १९७४ या दहा वर्षांत अवघे २३ सामने आणि चार गोल. त्यातले दोन १९६६ मध्ये इंग्लंडविरुद्ध हॅम्पडनवर, तेही ४-३ अशा पराभवात. उजव्या बगलेवर रेंजर्सचा विली हेंडरसन त्याचा स्पर्धक होता आणि शहराची दुफळी राष्ट्रीय संघाच्या पाठीराख्यांतही उतरत असे. आपल्याच प्रेक्षकांची हुर्यो त्याला ऐकावी लागली. मे १९७४ मध्ये लार्ग्स येथील मुक्कामात रात्रभर मद्यपान करून पहाटे तो वल्ह्यांविना एका होडीत बसला. होडी समुद्रात वाहत गेली आणि त्याला सोडवून आणावे लागले. वृत्तपत्रांनी झोडपले. तीन-चार दिवसांनी स्कॉटलंडने इंग्लंडला २-० असे हरविले, त्यात जॉन्स्टनचा खेळ डोळ्यांचे पारणे फेडणारा होता. पत्रकारांच्या कक्षाकडे पाहून त्याने केलेली खूण सभ्य नव्हती. पश्चिम जर्मनीतील विश्वचषकासाठी त्याची निवड झाली. पण तेथे एक मिनिटही त्याला खेळविण्यात आले नाही.

१९७५ मध्ये सेल्टिकने त्याला मुक्त केले तेव्हा तो तिशीत होता. पुढे सॅन होजे, शेफील्ड युनायटेड, डंडी, डब्लिनचे शेलबर्न, एल्गिन सिटी अशी वणवण झाली. कोठेच पाय रोवला नाही. पाय तेच होते, पण मद्यालयात दूरध्वनी करणारा स्टीन नव्हता. निवृत्तीनंतर त्याने लॉरी चालविली, बांधकामावर मजुरी केली. त्या काळच्या खेळाडूंना आजच्यासारखे मानधन नव्हते, आणि दारूशी त्याचा झगडा दीर्घकाळ चालला.

सेल्टिकच्या उजव्या बगलेशी भारताचेही एक धूसर नाते आहे. कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा विंगर मोहम्मद सलीम १९३६ मध्ये याच क्लबकडून अनवाणी पायांना पट्ट्या बांधून खेळला आणि ग्लासगोकरांना थक्क करून गेला. तोही घरच्या ओढीने परतला. जॉन्स्टनचा जन्म त्यानंतर आठ वर्षांनी झाला.

२००१ मध्ये जॉन्स्टनला स्नायूंवरील ताबा हळूहळू हिरावून घेणारा ‘मोटर न्यूरॉन’ हा असाध्य आजार झाल्याचे निदान झाले. ज्याच्या शरीराचे वळण पाहायला लाखभर लोक जमत, त्याला हातही उचलता येईना. या आजारावरील संशोधनासाठी तो अखेरपर्यंत बोलत राहिला. २००२ मध्ये पाठीराख्यांनी त्याला सेल्टिकचा सार्वकालिक सर्वश्रेष्ठ खेळाडू निवडले. १३ मार्च २००६ रोजी तो गेला. त्याच आठवड्यात झालेल्या लीग चषकाच्या अंतिम सामन्यात सेल्टिकच्या प्रत्येक खेळाडूच्या पोशाखावर एकच आकडा होता, जॉन्स्टनचा ७. त्याच्या काळी क्लबच्या हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या सदऱ्यावर आकडा नसे. तो फक्त चड्डीवर असे. २००८ मध्ये सेल्टिक पार्कबाहेर त्याचा पुतळा उभारण्यात आला आणि २०११ मध्ये दुसरा, त्याच्या व्ह्यूपार्कमध्ये.