दुष्काळातला तेरावा भाग

२००७ साली लेखक-दिग्दर्शक जॉस वेडन आणि अभिनेत्री एलायझा डुश्कू जेवायला भेटले. ‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’ या मालिकेपासूनची ओळख. फॉक्स वाहिनीशी डुश्कूचा करार झाला होता, पण नेमकं काय करायचं हे ठरत नव्हतं. त्या गप्पांतून ‘डॉलहाउस’ ही मालिका जन्माला आली.

गोष्ट अशी: लॉस एंजेलिसमधलं एक छुपं तळघर. तिथल्या तरुण-तरुणींना एका खुर्चीत बसवून त्यांच्या आठवणी पुसायच्या आणि श्रीमंत गिऱ्हाइकाला हवं ते व्यक्तिमत्त्व त्यांच्यात भरायचं: आज प्रेयसी, उद्या अपहरणाच्या वाटाघाटी करणारी तज्ज्ञ. काम झालं की पाटी पुन्हा कोरी. कागदोपत्री सगळे पाच वर्षांच्या करारावर आलेले असतात. सिएरा नावाच्या तरुणीला मात्र एका धनाढ्य डॉक्टरने सूडापोटी तिथे पोहोचवलेलं असतं. धंदा करणाऱ्या कंपनीचं नाव रॉसम. ‘रोबो’ हा शब्द जगाला देणाऱ्या कारेल चापेकच्या नाटकातल्या कारखानदाराचंच हे नाव.

वेडनने लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला पहिला भाग फॉक्सला रुचला नाही. तो बाजूला ठेवून नवी सुरुवात झाली आणि १३ फेब्रुवारी २००९ला मालिका शुक्रवारी रात्री लागली. अमेरिकेत त्या वेळी तरुण प्रेक्षक घराबाहेर असतो. वेडनची ‘फायरफ्लाय’ २००२ साली याच वाहिनीवर, याच वारी बुडाली होती. पुन्हा तोच वार देणाऱ्यांच्या धैर्याचं कौतुकच करायला हवं. सुरुवातीचे भाग ‘आज कोणती मोहीम’ या साच्यातच फिरले; रंग चढला तो सहाव्या भागापासून.

खरी गंमत हिशेबात झाली. बाद झालेला भाग धरून वाहिनीच्या लेखी १३ भाग पुरे झाले होते. पण डीव्हीडी आणि परदेशी विक्रीसाठी निर्मिती संस्थेला तो वगळून पूर्ण १३ भाग हवे होते. म्हणून अगदी कमी खर्चात ‘एपिटाफ वन’ हा आणखी एक भाग उरकला गेला.

त्यात काळ २०१९चा. तळघरातलं तंत्र बाहेर पडलंय. फोन उचलला की माणूस पुसला जातोय. शहर उद्ध्वस्त, आणि जीव वाचवत फिरणारी मूठभर माणसं त्याच तळघरात येऊन पोहोचतात. खुर्ची, गिऱ्हाइकं, करार हे सारं ज्या विनाशाकडे चाललं होतं, तो इथे पहिल्यांदा दिसला. मालिकेतला सर्वांत धारदार भाग हाच, आणि फॉक्सने तो दाखवलाच नाही! अमेरिकी प्रेक्षकांच्या हाती तो डीव्हीडीवर आला.

प्रेक्षकसंख्या तुटपुंजी असूनही दुसरं पर्व मिळालं, पण नोव्हेंबर २००९मध्ये मालिका बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. डिसेंबरात एकेका शुक्रवारी दोन-दोन भाग उरकण्यात आले. लेखकांनी उरलेली कथा त्या न दाखवलेल्या भविष्याच्या दिशेने पळवली, आणि २९ जानेवारी २०१०चा अखेरचा भाग तर थेट ‘एपिटाफ वन’चा पुढचा अध्याय होता. फॉक्सच्याच पडद्यावर, ज्यांनी डीव्हीडी घेतली नव्हती त्यांनाही तो बघावा लागला.