नर्सिंग होम म्हणजे नेमके काय?

मराठीत ‘नर्सिंग होम’ म्हटले की आधी बाळंतपण आठवते. अमकीची सून नर्सिंग होममध्ये आहे असे कळले की पुढचा प्रश्न ‘काय झालं, मुलगा की मुलगी?’ हाच असतो. चिंचवड, आकुर्डी, भोसरी या भागात १९७०-८० च्या दशकांत गल्लोगल्ली अशी नर्सिंग होम निघाली. डॉक्टर नवरा-बायको, खाली दवाखाना, वर आठ-दहा खाटा आणि मागे त्यांचेच राहते घर. आमच्या शाळेतली कितीतरी मुले अशाच ठिकाणी जन्मलेली. त्यामुळे इंग्लंडला असलेली माझी पुतणी फोनवर म्हणाली, “काकू, आईसाठी एखादं चांगलं नर्सिंग होम बघून ठेव ना,” तेव्हा शेजारी बसलेल्या आमच्या नणंदबाईंनी “अगं बाई, आता या वयात?” म्हणून पदर तोंडाला लावला. प्रसंग हसण्यासारखा नव्हता, पण हसलो खरे.

पुतणीची आई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. वय वर्षे एक्क्याऐंशी. गेली चार वर्षे त्यांना डिमेन्शिया आहे. मुलगा चाकणला कंपनीत शिफ्टमध्ये, सून नोकरीला. दिवसा ब्यूरोची बाई असते, ती दर दोन-तीन महिन्यांनी बदलते. गेल्या पावसाळ्यात जाऊबाई पहाटे चारला कडी काढून बाहेर पडल्या आणि उजाडल्यावर चिंचवड स्टेशनजवळ सापडल्या. तेव्हापासून घरात एकच विषय आहे. मी इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवलेले, त्यामुळे जागा बघायला निघाले आणि शब्दांच्या मागे लागले. घरात त्यावरून थोडी चेष्टा झाली. पण जागा पारखायला त्याचा उपयोग होतो आहे असे मला वाटते, म्हणून हे लिहिते.

पुतणीचे नर्सिंग होम आणि आपले नर्सिंग होम, दोन्ही एकाच मुळाची. इंग्लंडमध्ये १९२७ साली नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा झाला. आपल्याकडे मुंबई प्रांतात तसाच कायदा १९४९ साली आला आणि तो महाराष्ट्रात अजून चालू आहे. त्यातली व्याख्या सांगते की आजार, इजा किंवा दौर्बल्य असलेल्या माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि शुश्रूषा करण्याची जागा म्हणजे नर्सिंग होम, आणि त्यात प्रसूतिगृहही आले. तिकडे बाळंतपणे आणि शस्त्रक्रिया हळूहळू सरकारी रुग्णालयांत गेल्या आणि नर्सिंग होम म्हाताऱ्यांचे झाले. आपल्याकडे खाटा आजार, इजा आणि बाळंतपणे यांनीच भरल्या. ‘दौर्बल्य’ हा शब्द कायद्यात तसाच बसून राहिला.

मग दुर्बळांची सोय कुठे होती? पुण्यात नव्या पेठेत ‘निवारा’ आहे. तिथले सभागृह अनेकांना माहीत असते, संस्थेचे पूर्ण नाव फार जणांना माहीत नसते. ते आहे डेव्हिड ससून अनाथ पंगु गृह. बगदादहून मुंबईत आलेला हा ज्यू व्यापारी १८६४ साली पुण्यातच वारला. लाल देवळाच्या आवारात त्याची कबर आहे. ससून रुग्णालयामागेही याच घराण्याचा पैसा. (हा पैसा कापसाचा तसाच चीनला जाणाऱ्या अफूचाही होता, हे इतिहासाच्या शिक्षिकेने सांगितलेच पाहिजे.) दीडशेहून अधिक वर्षे टिकलेली ही संस्था, तिच्याबद्दल मला आदरच आहे. पण नावातले दोन शब्द बघा, अनाथ आणि पंगू. ज्याला कुणी नाही आणि ज्याला चालवत नाही, त्याच्यासाठी धर्मादाय छप्पर. त्या काळी गरज तीच होती.

ज्याचे मन ताळ्यावर नाही त्याच्यासाठी दुसरे दार होते. १९१२ च्या कायद्याने मन विकल असलेल्या सगळ्यांना एकाच शब्दात बसवले होते, ‘वेडा’. पंचविशीत भ्रम झालेला मुलगा आणि ऐंशीव्या वर्षी स्वतःच्या मुलाला न ओळखणारी आजी, कायद्याला दोघे सारखेच. पुण्यात ‘येरवड्याला पाठवा’ ही थट्टा तिथल्या मनोरुग्णालयामुळेच रूढ झाली, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ‘तसल्या’ ठिकाणी ठेवायची लाज तिच्यातूनच मुरली.

तिसरे दार वृद्धाश्रमाचे. सरकारने १९६३ साली स्वयंसेवी संस्थांमार्फत वृद्धाश्रम चालवण्याची योजना आणली ती निराधारांसाठी, म्हणजे पुन्हा अनाथच. १९९५ साली ‘मातोश्री वृद्धाश्रम’ आले. २००७ च्या केंद्राच्या कायद्यानेही प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निर्धन वृद्धांसाठी आश्रम असावा असे म्हटले. त्याच कायद्यात म्हाताऱ्या माणसाला टाकून देणाऱ्याला तीन महिने कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. हे योग्यच. पण आमच्या पुतण्याने हे कलम कुठेतरी वाचले आणि दोन रात्री झोपला नाही. त्याला सांगावे लागले की बाबा रे, टाकून देणे वेगळे आणि सोय लावणे वेगळे.

आता जाऊबाईंना यातल्या कुठल्या दाराने आत न्यायचे? अनाथ नाहीत, दोन मुले आहेत. पंगू नाहीत, चालताना मला मागे टाकतात. निर्धन नाहीत. वेड्या तर नाहीतच. देवळात गेल्या तर आरती अजून पाठ म्हणतात, फक्त ती झाल्यावर घरी कसे जायचे ते त्यांना सांगता येत नाही.

या भागात हा प्रश्न आत्ताच का उभा राहिला, हेही बघण्यासारखे आहे. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. तिथे पेनिसिलिन होऊ लागले. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज आणि त्यांच्यामागून शेकडो वर्कशॉप. १९७० साली गावे मिळून नगरपालिका, १९८२ साली महापालिका. सातारा, सांगली, नगर, मराठवाडा, खानदेश इथून तरुण मुले आली आणि आपले आईवडील गावी ठेवून आली. म्हातारपण गावाकडे आणि नोकरी इकडे, अशी वाटणीच होती. आमच्या वसाहतीत पंचवीस वर्षे कुणाची तिरडी उठलेली मला आठवत नाही, बारशी मात्र दर महिन्याला. ते तरुण आज ऐंशीचे आहेत. देशातले सरासरी आयुर्मान १९५१ च्या सुमारास बत्तीस वर्षे होते. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा, हे धरूनही, आज ते सत्तरच्या घरात आहे. पेनिसिलिनने माणसे जगवली. पुढे ती कुठे राहतील हे कारखान्याचे काम नव्हते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत साठीच्या पुढच्या लोकांपैकी ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. केरळात १९९२ सालीच या आजारासाठी संघटना उभी राहिली होती. आपल्याकडे बहुतेकांना तो प्रथम नीट दिसला तो ‘अस्तु’ या २०१३ च्या चित्रपटात. डॉ. मोहन आगाशे यांचे संस्कृत पंडित ज्यांनी पाहिले असतील त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

भावोजी पिंपरीच्या एका कंपनीत होते आणि जाऊबाई घरी खानावळ चालवत. फर्स्ट, सेकंड, नाईट, तिन्ही शिफ्टचे डबे. पहाटे चारला उठून कणीक भिजवायची, कारण फर्स्टवाले सहाच्या आत निघणार. वीस वर्षे हे चालले. जाऊबाई आजही चारला उठतात त्या डब्यांसाठी. त्या दिवशी स्टेशनकडे गेल्या तेव्हा हातात रिकामा डबा होता.

आत्तापर्यंत आम्ही तीन ठिकाणे पाहिली. नावे लिहीत नाही, लिहिण्याची गरजही नाही. पहिले प्राधिकरणातल्या एका बंगल्यात. स्वच्छ. बायकांच्या अंगात एकसारखे गाऊन, सगळ्या खुर्च्या टीव्हीकडे तोंड करून. “कुणाची तक्रार नाही,” असे दोनदा सांगण्यात आले. रात्री अठरा माणसांना एक मावशी. हे अनाथगृहाचे वळण. छप्पर, जेवण, शिस्त, आणि उपकाराची एक बारीक छटा. दुसरे एका हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर. खाटा, सलाईनचे स्टँड, चोवीस तास डॉक्टर. फॉर्मवर रकाना होता, ‘रात्री जागरण: होय / नाही’. पुतण्याने ‘होय’वर खूण केली तर तिथल्या सिस्टर समजुतीने म्हणाल्या, “काळजी नको, गोळी सुरू करतात.” हे १९४९ च्या व्याख्येतले नर्सिंग होम, आजार आणि इजा असलेले. चारला उठणे हा तिथे आजार.

पीटर टाउनसेंड नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १९६२ साली ‘द लास्ट रेफ्यूज’ नावाचे पुस्तक लिहिले. त्यासाठी त्याने वृद्धांच्या १७३ संस्था स्वतः फिरून पाहिल्या. १९४८ साली नवा कायदा होऊन जुनी दरिद्रीगृहे कागदोपत्री वृद्धगृहे झाली होती, पण त्यातल्या अनेक ठिकाणी इमारती आणि राहणी जुनीच उरली होती. म्हणून मी आता बोर्ड वाचत बसत नाही. ही जागा कोणत्या घराण्यातली ते बघते. दाराला कुलूप आहे का, आणि असेल तर आत चालायला अंगण आहे का? रात्री किती माणसे कामाला? पडली तर कुठल्या हॉस्पिटलात नेणार? अंगावरचे कपडे तिचे स्वतःचे असतील का? नोंदणी कशाखाली? हा शेवटचा प्रश्न विचारला की बरेच जण चहा मागवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या व्याख्येत स्मृतीच्या गंभीर विकाराचाही समावेश आहे. त्याच कायद्याने माणसाला शाबूत असताना आपला प्रतिनिधी नेमण्याची आणि कसे उपचार हवेत ते लिहून ठेवण्याची मुभा दिली. जाऊबाईंच्या बाबतीत ती वेळ गेली. मी माझा कागद लिहिला आहे, तो कपाटात वरच्या कप्प्यात आहे. घरच्यांनी नोंद घ्यावी.

तिसरे ठिकाण चाकणच्या पलीकडे, शेतात. बैठी घरे, मधे अंगण. आम्ही बोलत होतो तेवढ्यात तिथल्या मावशींनी जाऊबाईंसमोर मेथीची जुडी ठेवली. जाऊबाईंनी न सांगता मांडी घातली आणि निवडायला घेतली. अर्ध्या तासाने मावशींना विचारले, “किती डबे आहेत आज?” मावशी म्हणाल्या, “बारा.” “मग अजून एक जुडी लागेल.” पुतण्या उठून बाहेर गाडीपाशी जाऊन उभा राहिला.

पण तिथे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात. नोंदणीचा अर्ज केला आहे, असे सांगतात. आणि नाशिक रस्त्यावर शिफ्ट सुटायच्या वेळी अडकलेली अँब्युलन्स ज्याने पाहिली आहे त्याला पुढे काही सांगायला नको.

खर्चाचे बोलणे आपल्याकडे कुजबुजत होते, म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. या आजाराला ज्याचे नाव मिळाले त्या डॉ. अल्झायमरकडे १९०१ च्या नोव्हेंबरात फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात आगुस्ट डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची बाई आली. नवरा रेल्वेत कारकून. इलाजाचा खर्च त्याला झेपेना, तो तिला स्वस्त ठिकाणी हलवायच्या खटपटीत होता. दरम्यान अल्झायमर ते रुग्णालय सोडून गेला होता, पण तिला तिथेच राहू देण्याची व्यवस्था त्याने केली. बदल्यात मरणोत्तर तिचे कागद आणि मेंदू त्याला मिळणार होता. १९०६ च्या एप्रिलमध्ये ती गेली, आणि त्याच वर्षी त्याने तो मेंदू तपासून जगापुढे मांडला. तिची केस फाइल १९९५ साली पुन्हा सापडली. वैद्यकाच्या पुस्तकात हा शोध म्हणून येतो. मला त्यात महिन्याच्या पैशाची जुळवाजुळव करणारा रेल्वेचा कारकून दिसतो. आपल्या पट्ट्यातल्या हजारो निवृत्त कामगारांना ईपीएस-९५ चे पेन्शन आहे. २०१४ साली त्याची किमान रक्कम ठरली महिना एक हजार रुपये. आम्ही पाहिलेल्या सर्वांत स्वस्त ठिकाणी तेवढ्यात दोन दिवसही निघत नाहीत. आमच्याकडे इंग्लंडचा पौंड आहे म्हणून निवड करत बसलो आहोत. आमच्या समोरच्या चाळीत एक आजोबा आहेत, त्यांची बायको त्यांच्या पायाला ओढणी बांधून ओढणीचे दुसरे टोक आपल्या मनगटाला बांधून झोपते.

पुतण्या हॉस्पिटलच्या बाजूचा आहे, पुतणी शेताच्या. दोघांचीही कारणे खरी आहेत, तेव्हा नातेवाइकांनी हे वाचून त्यांना फोन करून उपदेश करू नये, मला करावा. येत्या शनिवारी मी आणि पुतण्या पुन्हा चाकणकडे जाणार आहोत, या वेळी न कळवता, रात्री नऊनंतर. रात्रीची मावशी कोण आहे आणि पहाटे चारला ती काय करते, तेवढे बघून यायचे आहे. त्या बाजूला कुणाचे घर असेल तर दोघांची रात्रीपुरती सोय होईल का, कळवावे.