तळटीप ७ : अजिंठ्याचा हिरवा आणि निळा

७. लेखक या चित्रांना ‘फ्रेस्को’ म्हणतो, ते मान्य करता येत नाही. ओल्या चुन्यावर नव्हे, तर माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून केलेल्या, वाळलेल्या गिलाव्यावर सरसासारख्या चिकट द्रव्यात घोटलेले रंग दिले आहेत. तांबडा गेरूचा, काळा काजळीचा. हिरवा बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या मऊ, मातकट हिरव्या खनिजाचा. पाचव्या शतकातील लेण्यांतला निळा मात्र परदेशी : अफगाणिस्तानातील बदख्शानचा लाजवर्द. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात २०१८ मध्ये व्हर्मीरच्या ‘मोत्याचा डूल घातलेली मुलगी’ (सुमारे १६६५) या चित्राची तपासणी झाली, तेव्हा तिच्या मुंडाशातही लाजवर्दच आढळला. अजिंठ्यास जाणाऱ्या वाचकांनी पहिल्या लेण्यातला निळा अवश्य पाहावा. – संपादक